पळसदरीची बिनशेवटाची पुस्तकं

घाट उतरताना लोक खिडकीबाहेर बघतात, मी सामानाकडे बघते. खंडाळ्याच्या खाली एकामागून एक बोगदे येतात, डब्यात अंधार होतो, आणि अंधारात कोणाचा हात कुठे जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे पुणे ते कर्जत या प्रवासातले धबधबे, दऱ्या वगैरे मी पाहिले नाहीत. माझी पिशवी मात्र कर्जतला माझ्यासोबत सुखरूप उतरली.

साताऱ्याच्या शाळेत मुलींना शिकवण्यात माझी हयात गेली. जी मुलगी फार सरळ चेहऱ्याने बोलते तिची वही आधी तपासावी, एवढं मी त्यातून शिकले. कादंबरीचंसुद्धा मी शेवटचं पान आधी वाचते. शेवट पटला तर पुस्तक घरी आणायचं, नाहीतर तिथेच ठेवायचं. लेखकांचा तरी काय भरवसा?

या वेळी मात्र संशय होता तो माझ्या भाचीवर. सुधा आईवेगळी पोर, माझ्या हाताखाली वाढलेली. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी विषमज्वराने अंथरुणावर होते. भावाने तिला पळसदरीच्या पुढच्या एका खेड्यात, भातशेती करणाऱ्या घरात दिली. जावई कल्याणला नोकरीला, रविवारी घरी येणारा. "सध्या काय वाचतेस?" हा आम्हा दोघींचा जुना प्रश्न, आणि लग्नानंतरही सुधा पोस्टकार्डावर त्याचं उत्तर न चुकता लिहायची. कधी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आंधळ्या माणसाची गोष्ट वाचतेय म्हणायची, कधी आणखी कसली, आणि खूप मजा येतेय असं खाली असायचंच. पण पुस्तकाचं नाव कधी नाही, लेखकाचं नाही, आणि गोष्टीचा शेवटही नाही. न वाचलेल्या पुस्तकावर निबंध लिहिणाऱ्या मुली हुबेहूब असंच लिहितात.

माझी खात्री झाली की पोर मला बरं वाटावं म्हणून थापा मारतेय. दिवसभर कामाला जुंपलेली असणार, छापील कागद डोळ्यांना दिसत नसणार. भावाला मी सांगून निघाले की थाप निघाली, तर पोरीला घेऊनच परत येईन. म्हणूनच न कळवता गेले.

कर्जतला वडा खाल्ला. तो गरम होता, चांगलाही होता, पण तेल कालचं असावं. मग खोपोलीची छोटी गाडी पकडली. थोड्या वेळात गाडी थांबली आणि समोरचा गृहस्थ म्हणाला, बाई, पळसदरी आली, उतरा. मी त्याला कुठे उतरायचं ते सांगितलंही नव्हतं. त्याने ते माझ्या हातातल्या तिकिटावर वाचलं असेल हे मला नंतर सुचलं. तेव्हा वाटलं, माझी खिडकीची जागा हवीय याला. मी बसून राहिले. गाडी सुटल्यावर फलाटावरची पाटी मागे गेली, तिच्यावर पळसदरी लिहिलं होतं.

अशा तऱ्हेने मला खालापूर तालुकाही पाहायला मिळाला. कापणी झालेल्या खाचरांत वालाचे हिरवे वेल पसरले होते, भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडव्यांवर बगळे बसले होते. खोपोलीला डोंगरावरून विजेच्या कारखान्याचे जाड नळ सरळ खाली उतरलेले दिसले. हवेला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास होता. फलाटावर चौकशी केली तेव्हा तो कागदाच्या कारखान्याचा असल्याचं कळलं. गावोगावची रद्दी तिथे येते, तिचा लगदा होतो आणि नवा कागद निघतो म्हणे.

परतीच्या गाडीत कारखान्याची पाळी सुटलेले लोक चढले. माझ्यासमोर टोपीवाला एक वयस्कर माणूस बसला. त्याच्या सदऱ्याखाली, पोटाशी, काहीतरी चौकोनी होतं. डबा हातात होता, म्हणजे तो डबा नव्हे. मी पाहतेय असं दिसताच त्याने टॉवेल पुढे ओढून घेतला. चोरीचा माल, मी मनात म्हटलं.

कारखान्यात काय काम करता, असं मी विचारलं. रद्दी निवडतो, पुठ्ठे फाडून वेगळे करतो, असं तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग मी त्याला बाळारामचं घर, म्हणजे सुधाच्या सासऱ्यांचं घर, ठाऊक आहे का ते विचारलं.

"कोन बाळाराम? गावात तीन-चार हायत."

"ज्यांच्या घरी पुस्तकं वाचतात म्हणे, ते."

त्याने माझा चष्मा, छत्री आणि चामडी पिशवी नीट न्याहाळली. "पुस्तकं नाय वाचत आमच्या गावात कोन," तो म्हणाला. पळसदरी येताच गाडी पुरती थांबायच्या आत त्याने उडी मारली आणि धरणाच्या बाजूच्या बांधावरून तो जवळजवळ पळतच गेला. माझा चोरीचा संशय पक्का झाला.

मी सडकेने विचारत विचारत पोहोचले. ओटीवर एक बाई सुपात वाल पाखडत होती. ही सुधाची सासू हे मी ओळखलं, पण मी कोण ते सांगितलं नाही. आत्या म्हटलं की लगेच गोडगोड बोलणं सुरू होणार आणि खरं काय ते झाकलं जाणार. सुधाला भेटायला आलेय, एवढंच म्हटलं. सुधा धरणावर धुणं घेऊन गेली होती. बाईने पाणी दिलं, पण नजर माझ्या पिशवीवरून हलवली नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की सुधा काही वाचते का.

"आमच्यात कुटलं आलं पुस्तक? आमी भाताची मानसं."

माझा संशय खरा ठरला. घरावरून नजर फिरवली. देवळी, फळी, कोनाडा, कुठे चतकोर कागद नव्हता. कोपऱ्यात फक्त कणगी (धान्य साठवायची, शेणाने सारवलेली बांबूची उंच टोपली) आणि तिच्यामागे पेंढ्याचा ढीग होता. बिचारी पोर, मी म्हटलं, काय काय रचून लिहीत होती मला. उद्या सकाळच्या गाडीने हिला न्यायची.

तेवढ्यात डोक्यावर ओल्या धुण्याचं घमेलं घेऊन सुधा दारात आली. "आत्या, तू?" एवढं म्हणून ती घमेल्यासकट मला मिठी मारायला निघाली आणि मी भिजले.

सासूच्या हातातलं सूप थांबलं. ती कणगीकडे वळून शांतपणे म्हणाली, "अवो, भायेर या. कारखान्याची नाय ती. आपली आत्याबाई हाय."

पेंढ्यामागून अंगाला तूस चिकटलेला माणूस उभा राहिला. गाडीतला तोच तो, टोपीवाला. सुधाचे सासरे बाळाराम ते हेच. गाडीत मी त्यांचाच पत्ता त्यांना विचारला होता. मला ते कारखान्याच्या कचेरीतली झडती घ्यायला आलेली बाई समजले होते. त्यांनी कणगीत हात घालून भातातून एकेक पुस्तक वर काढलं, झटकलं आणि ओटीवर मांडलं.

एकालाही पुठ्ठा नव्हता. नाव पुठ्ठ्यावर असतं, आणि पुठ्ठे तर कारखान्यात आधी फाडतात. पहिली-शेवटची पानंही त्याच झटक्यात जातात. उरलेलं लगद्यात पडण्याआधी बाळाराम सदऱ्याखालून घरी आणत. मी मास्तरणीच्या सुरात म्हणाले, की ही चोरीच झाली. त्यांना ते लागलं. वाचून झालं की जसंच्या तसं परत नेऊन रद्दीत टाकतो, असं ते म्हणाले. एकही ठेवून घेतलेलं नव्हतं. पण फाटकावर सापडले तर नोकरी जाईल, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि मी भर गाडीत त्याचीच चौकशी केली होती. मला फार शरमल्यासारखं झालं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. "ऱ्हाऊ द्या," बाळाराम म्हणाले, "मी पन तुमाला वळखलं नाय."

संध्याकाळी परसात पोपटी लावली (मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा). शेजारच्या बायका शेंगा खायला आल्या आणि सुधा वाचायला बसली. मी कान देऊन ऐकत होते, अर्थात चुका काढायला. गोष्ट बंदरावर खानावळ चालवणाऱ्या बाईची होती. तिचा मुलगा भांडून निघून गेलेला, आणि ती रोज एक ताट जास्त वाढून ठेवते. वाचता वाचता शेवटच्या उरलेल्या पानावर दार वाजलं, बाई उठली, आणि पानं संपली.

बायका मुळीच गडबडल्या नाहीत. शेवट लावायचा त्यांचा परिपाठच होता. एक म्हणाली, दारात गिऱ्हाईक असणार. दुसरी म्हणाली, पोलीस. सासूबाई म्हणाल्या, "पोरगाच आलाय. दुसरा कोन यील त्या टायमाला?" कोणी पुढे वाद घातला नाही. सुधाने मला आत नेऊन हळूच सांगितलं, की थोरले दीर मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेले, ते बापाशी भांडूनच. त्यानंतर त्यांचा काही ठावठिकाणा नाही.

मी बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, "आत्याबाई, तुमी शिकलेल्या. ह्ये वाचलंय का तुमी? कोन आला?"

जास्तीचं ताट ऐकताच मी पुस्तक ओळखलं होतं. साताऱ्याच्या वाचनालयात त्याचं शेवटचं पान मी आधी वाचलं होतं, आणि ते वाचूनच पुस्तक परत ठेवलं होतं. त्या बायकांकडे शेवट सोडून सगळं होतं, माझ्याकडे फक्त शेवट होता. दारात मुलगा नसतो. त्याची ट्रंक घेऊन आलेला खलाशी असतो, आणि बाई ते जास्तीचं ताट त्याला वाढते.

"नाही हो, हे मी वाचलेलं नाही," मी म्हणाले. तसं ते खरंच होतं. सासूबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पोपटीचं मडकं फोडायला घेतलं. शेंगा फार गोड होत्या, त्यांत मला काही खोट काढता आली नाही.

दुसऱ्या सकाळी मी एकटीच निघाले. बाळाराम कामावर जाताना मला फलाटापर्यंत सोडायला आले. सदऱ्याखाली ते खानावळीचं पुस्तक होतं, परत न्यायचं. या वेळी मी दुसरीकडे पाहिलं. घाट चढताना मी पिशवी बाकाखाली सारली आणि बाहेर बघत बसले. नळावर जमणाऱ्या बायकांसारखी गर्दी करून डोंगर खिडकीशी येत होते.

साताऱ्याला भावाला सांगितलं, की पोर सुखात आहे, माझ्यापेक्षा जास्त वाचतेय. मग वाचनालयात जाऊन ते पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्यातली ती बाई मला आवडायला लागली. सुधाला कार्ड टाकलं, की सध्या खानावळवाल्या बाईची गोष्ट वाचतेय, खूप मजा येतेय. पुस्तकाचं नाव लिहिलं नाही, शेवटही लिहिला नाही.

तिचं उत्तर लगेच आलं. घरचं सगळं क्षेम लिहून खाली सासूबाईंचा निरोप होता, त्यांच्याच शब्दांत उतरवलेला: "आत्याबाईंना शेवट तवाच ठाव हुता, मी तोंडावरनं वळखलं. वाईट हाय त्यो. त्यांच्या पुस्तकात आसंल तसा आसू दे. आमच्या पुस्तकात पोरगा कवाच आलाय, हातपाय धुऊन जेवाय बसलाय."