काकांची तीन मिनिटं

यंदाच्या जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी, आमच्या गावच्या कौन्सिलच्या सभागृहात नगरच्या काकांवर अन्याय झाला. वेळ मला मिनिटासकट माहीत आहे, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी काकांकडे न बघता त्या घड्याळाकडे बघत होते. का बघत होते ते पुढे सांगते. आधी काका सांगायला हवेत. ते माहीत नसतील तर हा अन्याय तुम्हाला किरकोळ वाटेल, आणि माहीत झाले की तुमच्यातल्या निम्म्यांना वाटेल, बरं झालं, कुणीतरी या माणसाला थांबवलं. अख्ख्या इलिनॉयमध्ये इतका चांगला आणि इतका वैताग आणणारा दुसरा माणूस नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. हे लेखीच आहे.

आमचं गाव नेपरव्हिलच्या पश्चिमेला, गाडीने वीस मिनिटांवर. मी पुण्याहून इथे शिकायला आले ती पहिलीच थंडी होती. माझी गाडी काकांच्या घरासमोर बर्फात रुतली आणि काका स्वेटरवर स्वेटर चढवून बाहेर आले. म्हणाले, "पोरी, थांब, आपण दोघं मिळून काढू." मग त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि गाडी मी ढकलली. आमची सगळी मैत्री त्यानंतर याच पद्धतीने चालली आहे.

काका भूल देणारे डॉक्टर. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात नोकरी करून रिटायर झाले. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, नगरच्या मिशन शाळेतलं. त्यांच्या पणजोबांना अमेरिकन मिशनऱ्यांनी बाप्तिस्मा दिला होता आणि काका ते अजून विसरलेले नाहीत. "यांच्या माणसांनी बोटीत तीन महिने ओकाऱ्या काढत येऊन आम्हाला येशू दिला. आता इथला साठा कमी पडलेला दिसतो, म्हणून थोडा परत द्यायला आलोय," असं ते चर्चमध्ये अगदी गंभीरपणे सांगतात. तिथली एखादी प्रेमळ गोरी आजी विचारतेच, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" काका म्हणतात, "पणजोबांच्या वेळी. तुम्ही?" मग मराठी मंडळाच्या गणपतीला काकूंनी केलेल्या करंज्या घेऊन हे हजर. पेटीही हेच वाजवणार, आणि उत्तम वाजवणार. तिथे कुणीतरी हळूच विचारतंच, "काका, तुम्ही कन्व्हर्टेड ना? मग घरी मराठीच बोलता?" तेव्हा मात्र काका पेटीचा भाता बंद करून म्हणतात, "नाही, घरी हिब्रू. मराठी फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलीय." एकदा मी चिडून म्हटलं, "काका, दोन्हीकडे हाच अपमान सहन करता, राग येत नाही?" तर म्हणाले, "येतो ना. दोघांची नावं वहीत लिहून घेतो."

वही म्हणजे प्रार्थनेची वही, आणि सगळ्या भानगडींचं मूळ तीच. काका मोघम प्रार्थना करत नाहीत. "प्रभू, सर्वांचं भलं कर" असली प्रार्थना म्हणजे त्यांच्या मते पत्ता न लिहिता टाकलेलं पाकीट. माणसाचं नाव हवं, दुखणं हवं, आणि गुडघा असेल तर डावा की उजवा तेही हवं. त्यामुळे रविवारी उपासनेत मंडळीतल्या कुणीही प्रार्थनेची विनंती मांडायची वेळ आली की काका उभे राहतात आणि लोक खाली बसल्या बसल्या आणखी खाली सरकतात. काकू पुटपुटतात, "अहो, माझ्या शुगरचा आकडा नका सांगू." काका सांगतात. काकूंचं म्हणणं असं, की जन्मभर भूल दिली ती सवय जात नाही, दहा मिनिटांत अर्धी मंडळी झोपलेली असते.

इथवर सगळं गोड आहे. वैताग सुरू होतो तो राजकारणापाशी. निवडणूक आली की माणसं एकमेकांना शिव्या देतात, ही जगाची रीत. काका शिवी द्यावीशी वाटली की त्या माणसाचं नाव वहीत घालतात, आणि मग तपशील मिळवायला थेट त्याच्या ऑफिसला फोन करतात. "मी डॉक्टर बोलतोय, साहेबांसाठी प्रार्थना करायची आहे, सध्या काही विशेष त्रास?" तिकडची पोरं घाबरतात. दोन्ही पक्षांची पोरं घाबरतात, कारण काकांना दोन्ही पक्षांचा सारखाच राग येतो. त्यांना दोन्हीकडून देणगी मागणाऱ्या "प्रिय मित्रा, वेळ थोडा उरला आहे" अशा ईमेल येतात आणि काका प्रत्येकीला उत्तर देतात, "प्रिय मित्रा, खरं आहे." गेल्या निवडणुकीत आमच्या रस्त्यावर प्रत्येक अंगणात कुणा ना कुणा उमेदवाराची पाटी होती. काकांनी स्वतः रंगवून पाटी लावली: 'या रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी रोज सकाळी साडेसहाला प्रार्थना होते. नको असेल त्यांनी बेल वाजवावी.' दोघांनी वाजवली. काकांनी सॉरी म्हणून त्यांची नावं खोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून 'ज्यांना प्रार्थना नको आहे अशा हिरव्या आणि पांढऱ्या दाराच्या घरांसाठी' प्रार्थना चालू केली.

शनिवारी सकाळी चर्चमधल्या पुरुषांचा नाश्ता असतो. पॅनकेक, कॉफी आणि देशाची काळजी. तिथे रॉन नावाचे एक गृहस्थ येतात. ते आमच्या कौन्सिलचे सभासदही आहेत. हा देश पुन्हा पुरता ख्रिस्ती झाला पाहिजे, हा त्यांचा आवडता विषय. एकदा काकांनी मलाही नाश्त्याला नेलं होतं, 'मुलगी धर्म मानत नाही, पण पॅनकेक मानते' अशी ओळख करून देऊन. रॉननी विषय काढला. काका म्हणाले, "रॉन, आमच्या नगरला शंभर टक्के ख्रिस्ती अशी एकच जागा होती. दफनभूमी. तिथंसुद्धा कुणाला झाडाखाली पुरायचं यावरून भांडणं." टेबल हसलं, रॉनही हसले. मला वाटलं, आता काका घाव घालणार. पण काकांनी रॉनना विचारलं, "तुझ्या मुलीची परीक्षा कशी झाली?" निघताना रॉननी नेहमीसारखा काकांच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून दिला. मी परतीच्या वाटेवर किंचाळले, "काका, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?" म्हणाले, "सध्या पॅसेंजर साइडला. हळू चालव."

आता माझा भाग. मी व्हिसावर आहे, मला मत देता येत नाही, पत्रक वाटता येतं. कॉलेजपासून तेच करत आले. दोन वर्षांपूर्वी इथे कौन्सिलची सभा प्रार्थनेने सुरू व्हायची, आणि दरवेळी मेयरच्याच चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, यायचे. गावात ज्यू आहेत, मुसलमान आहेत, आमची अर्धी कॉलनी हिंदू आहे, माझ्यासारखे काहीच नसलेलेही आहेत. आम्ही पत्रक काढलं: प्रार्थना घरी, कारभार सभेत. पहिली सही काकांची. "हुकमाने केलेली प्रार्थना छताला थटून खाली पडते," म्हणाले, आणि सही करता करता थांबले. "पण पोरी, यानं माझी तर बंद होणार नाही ना?" मी म्हटलं, "काका, तुमच्या प्रार्थनेला कोण हात लावणार? नियम कौन्सिलला. नागरिकाला नाही." आम्ही जिंकलो. सभेत धार्मिक विधी होणार नाही असा नियम झाला. मी पेढे वाटले.

मग ही थंडी आली. काकांच्या चर्चच्या पार्किंगमध्ये डेनीस नावाची बाई स्वतःच्या गाडीत राहत होती. आधी शाळेची बस चालवायची, नोकरी गेली, घर गेलं. तिच्याबरोबर तिथे आणखी चार गाड्या. काका रोज तिला आल्याचा चहा नेऊन द्यायचे. त्यांची जुनी माकडटोपी तिच्याच डोक्यावर असायची. डिसेंबरात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली. काकांनी बघितली आणि गप्प झाले, आणि ते गप्प होतात तेव्हा गोष्ट गंभीर असते. चर्चने ठरवलं, तळघरात वीस खाटा टाकून रात्रीचा निवारा उघडायचा. पाळकबाई तयार, खाटा तयार. फक्त गावची परवानगी हवी, आणि तिला शेजाऱ्यांचा विरोध. त्यात रॉन पुढे. मुद्दे नेहमीचे: रहदारी, सुरक्षितता, घरांच्या किमती.

आमच्या सभेत प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी ठरवलं, आमच्याकडून काकांनी बोलायचं. डॉक्टर, म्हातारा माणूस, त्याच चर्चचा, आणि डेनीसची बोटं पाहिलेला. बायबल हातात घेऊन निवाऱ्याला विरोध करणाऱ्यांसमोर बायबलवालाच उभा करायचा, हा माझा डाव. मी भाषण लिहून दिलं. पहिलंच वाक्य होतं, 'डेनीसची दोन बोटं गोठली आहेत.' घरी चार वेळा वाचून घेतलं. उत्तम वाचलं. काकू भाजी चिरत म्हणाल्या, "वाचतील हो. पण मधेच वर बघतील."

मंगळवारी काका टाय लावून माइकपाशी गेले. माझा कागद उघडला, चष्मा लावला, समोरच्या सात माणसांकडे एकेक करून पाहिलं आणि कागद मिटला. "बोलण्याआधी तुमच्यासाठी प्रार्थना करतो," म्हणाले, आणि डोळे मिटले. मी कपाळावर हात मारला. मेयरचं खुब्याचं ऑपरेशन नीट होवो. मग ज्यांची आई नर्सिंग होममध्ये आहे त्या बाई. मग अर्थसमितीचे, त्यांना झोप लागत नाही. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं दुखणं. "आणि माझा मित्र रॉन, जो माझ्या काचेवरचा बर्फ काढतो," इथवर आले, आणि मेयरने हातोडी आपटली.

"सर, थांबा. सभेत धार्मिक विधी चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे." मग माझ्याकडे बघून छान हसला. "तुमच्याच मित्रमंडळींनी मागितला होता."

काकांनी डोळे उघडले, आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नियम मी तोंडपाठ सांगू शकत होते. तो कौन्सिलसाठी आहे. नागरिकाची तीन मिनिटं नागरिकाची, त्यात तो भाषण करो, रडो, नाहीतर देवाशी बोलो. उभं राहून एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पण माझ्या शेजारी आमच्याच गटातली मुलगी कुजबुजली, "चला, नियम कामाला आला." आणि मी काकांवर भडकलेली होते, की चार वेळा वाचून घेतलेलं भाषण सोडून हा माणूस मेयरच्या खुब्यात का शिरला. म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं. सात बावीस. त्यांची दीड मिनिटं अजून शिल्लक होती.

काका म्हणाले, "सॉरी, सर." कागद खिशात घातला आणि येऊन बसले. काकांच्या वहीत रॉननंतर डेनीसचं नाव होतं. ते सभागृहात कुणीच उच्चारलं नाही. विषय मार्चपर्यंत पुढे ढकलला. रॉननी ढकलण्याच्या बाजूने हात वर केला, पण मान खाली घालून. थंडी संपल्यावर उबेचा विचार करणार आहेत हे लोक.

त्या रात्रीपासून डेनीस काकूंच्या शिवणाच्या खोलीत झोपते. बोटं वाचली. ती कॅरममध्ये काकांना रोज हरवते आणि काका रोज स्ट्रायकरला दोष देतात. बाकीच्या चार गाड्या मात्र पार्किंगमध्येच आहेत. एका घरात वीस खाटा मावत नाहीत.

दोन आठवड्यांनी मी माफी मागायला गेले. काका दारातच म्हणाले, "बरं झालं आलीस. त्या मंगळवारपासून तुझं नाव वहीत आहे, पुढे काय लिहू तेवढं सांग." त्यांनी तगादा लावला नाही, चहा केला. पण काकू मला सोडायला बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, की दोन रविवार झाले, मंडळीत विनंतीची वेळ येते आणि हे उठतच नाहीत. लोक वाट बघतात, मान वळवून बघतात, मग पाळकबाई पुढे सरकतात. उपासना आता वेळेवर संपते. "आणि कुणी झोपतही नाही," काकू म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसत आत गेल्या.

मला हे वेळेवर संपणं नको आहे. मी त्यांचा देव मानत नाही, उद्याही मानणार नाही, आणि सभेच्या सुरुवातीला मेयरच्या पाळकांनी पुन्हा उभं राहायचं म्हटलं तर पुन्हा पत्रक काढीन. पण देवाच्या नावाने दार बंद करणाऱ्यांना सभेत पूर्ण वेळ मिळतो आणि दार उघडा म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला अर्ध्यात बसवतात, तेव्हा तो नियम कुणाच्या कामाचा उरतो? मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी हा विषय पुन्हा आहे. काका "बघू" म्हणाले आहेत. मी त्यांचं नाव यादीत घातलं आहे आणि यावेळी भाषण लिहून दिलेलं नाही.

तुम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहत असाल, 'हा आपला प्रश्न नाही' असं म्हणत मराठी मंडळाचा हा अंक चाळत असाल, तर पावणेसातला सभागृहात या. दूर पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला किंवा बेलव्ह्यूला असाल तर तुमच्याही गावात अशी सभा आहे आणि तिथेही कुणाला तरी बसवतात, तिथे जा. श्रद्धा असो वा नसो, पुढच्या रांगेत बसा. काका माइकपाशी गेले आणि कुणी हातोडी उचलली, तर घड्याळाकडे बघू नका. उभे राहा आणि मोठ्याने सांगा, ही त्यांची तीन मिनिटं आहेत.