नानांच्या टाचेतल्या अळ्या

हसायचं तर खुशाल हसा, फक्त तोंडात चहा असताना हसू नका! धुळ्याच्या एका दवाखान्यात मी जो पराक्रम केला, तो माझ्या सासुरवाडीला अजूनही लग्नाच्या पंगतीत जिलबीसारखा आग्रहानं वाढला जातो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. चोपड्याला माझं कीटकनाशकांचं दुकान. कपाशीवर अळी पडली की माणूस आधी माझ्याकडे धावत येणार. त्यामुळे अळी दिसली रे दिसली, की माझा हात आपोआप बाटलीकडेच जायचा!

माझे सासरे, नाना, शिरपूरजवळच्या खेड्यातले. त्यांना मधुमेह. टाचेत काटा रुतला, जखम चिघळली, टाच काळी पडली. एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पाय काढावा लागेल."

नाना म्हणाले, "पाय तुम्ही ठेवी लेशात, मंग मन्हा वावरमा कोन जाई?"

माझी बायको सुमन मोठी जिद्दीची. तिनं नानांना उचललं आणि धुळ्याला एका सर्जन मॅडमकडे नेलं. मी मात्र दुकानात अडकलेलो. ऐन फवारणीचा हंगाम हो!

शेवटी एका दुपारी पोचलो. सुमन डबा आणायला गेली होती, नाना घोरत होते. खुर्ची ओढून बसलो आणि बघतो तर काय, टाचेवरचं बँडेज हलतंय! पाय जागच्या जागी, नुसतं बँडेज हलतंय!

वाकून हळूच कड उचलली. खाली बारीक जाळीचं कापड, आणि त्या जाळीखाली... अळ्या! पांढऱ्या, गुबगुबीत, वळवळणाऱ्या!

"सिस्टर! पेशंटच्या पायात किडे पडले!"

सिस्टर धावत आल्या. "अहो भाऊ, ते आम्हीच—"

"तुम्हीच? वर तोंड करून सांगताय?"

मला कोण थांबवणार! मी भर वॉर्डात भाषण ठोकलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा आपल्या प्लास्टरला कान लावून ऐकायला लागले. पलीकडच्या बाईंनी तर पिशवी भरायला घेतली! सिस्टर मॅडमना बोलवायला पळाल्या आणि मी समोरच्या मेडिकलात. गुरांच्या जखमेत किडे पडले की आमच्याकडे टर्पेंटाइन ओततात, एवढं मला ठाऊक. बाटली आणली, बूच काढलं, टाचेवर तिरपी केली...

आणि नानांनी डोळे उघडले!

"ओ जवाई! काय करी ऱ्हायनात? मन्ह्या अळ्या शेतस त्या!"

त्यांनी पाय असा काही झटक्यात ओढला म्हणता! अख्खी बाटली माझ्याच पँटवर. तेवढ्यात मॅडम दारात. बुटक्याशा, शांत. बाटली बघून मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"जखमेवर पडलं का?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं माझ्यावर."

"मग हरकत नाही!"

हायसं वाटून त्या खाटेच्या कडेवरच बसल्या. मग समजावलं. हिरव्या माशा त्यांनी स्वतः जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेल्या. त्यांची अंडी जंतुनाशकानं धुवायची, त्यातून निघालेल्या अळ्या जखमेवर सोडायच्या. अळीला दात नसतातच. ती आपला पाचक रस सोडते, त्यात एन्झाइम असतात, त्यांनी सडलेलं मांस विरघळतं आणि तेवढंच ती पिते. जिवंत मांसाला धक्का नाही! वर त्या रसानं जंतूही मरतात.

"माझ्या सुरीला मेलेलं कुठं संपलं आणि जिवंत कुठं सुरू झालं, हे इतकं नेमकं कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

एवढी मोठी सर्जन आणि अळीचं असं कौतुक! मी तर गारच पडलो. जिला मी जन्मभर मारत आलो, ती इथं नानांचा पाय वाचवायला बसली होती.

इतक्यात सुमन डबा घेऊन आली. "हा वास कसला?"

"मला आधी सांगायचं नाहीस का?" मी तिच्यावरच घसरलो.

"सांगितलं असतं तर फवारणीचा पंप घेऊन आला असतात!"

सगळा वॉर्ड हसला. प्लास्टरवाले आजोबा सर्वांत मोठ्यानं.

पुढे मॅडमनी अळ्या काढल्या, तेव्हा मी मुद्दाम बघायला उभा राहिलो. टाचेवरचं काळं मांस गेलेलं, खाली लालचुटूक कोवळं मांस! सुमनच्या डोळ्यांना धार लागली. अळ्यांच्या आणखी एक-दोन खेपा झाल्या, जखम भरत आली आणि नाना दोन्ही पायांवर चालत घरी गेले. मॅडमना मी हात जोडले. खरं तर अळ्यांनाही जोडायला हवे होते.

नंतर एकदा नानांना तपासायला घेऊन गेलो. दवाखान्यात दानशूरांची नावं कशी पंख्यावर असतात, बाकड्यावर असतात. तशीच वॉर्डाच्या दारावर एक नवी पाटी दिसली. नानांनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून, माझी ओळख करून देत, मोठ्या अभिमानानं वाचून दाखवली:

"जखमेतील अळ्या औषध म्हणून सोडलेल्या आहेत. जावयांनी हात लावू नये."