गोदाआजीची कूस कोणी बदलली?

भूत, भानामती, करणी, अंगात येणं — यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. नुसता विश्वास नव्हता असं नाही, याविरुद्ध मी पत्रकं काढलेली आहेत. सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझे हात कोपरापर्यंत काळे झालेले आमच्या मंडळातल्या सगळ्यांनी पाहिलेत. या सदरातले अनुभव मी वाचायची ते खोड्या काढायलाच. "मावशीच्या दिरांना दिसलं", "आजोबा सांगायचे"... सगळं ऐकीव! साक्षीदार कोण? वेळ कोणती? उजेड किती होता? असे प्रश्न मी समासात पेन्सिलीनं लिहायची.

आता माझीच लिहायची पाळी आली, तर ती उत्तरं आधी देऊन टाकते. वेळ — दुपारी साडेतीन. उजेड — एप्रिलचं लख्ख ऊन. साक्षीदार — दोन. एकीला चष्मा आहे, पण तो तिनं लावलेला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याला, चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला एक दवाखाना आहे. नाव देत नाही, कारण या गोष्टीत दवाखान्याची काही चूक नाही, चूक माझी आहे. तिथे मी सहायक परिचारिकेचं ट्रेनिंग घेत होते. वडील शाळामास्तर. ट्रेनिंगला जाते म्हटल्यावर आठ दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. "लोकायचं हगनं-मुतनं काढाले मॅट्रिक केलं का वं तुले?" हे माझ्या सख्ख्या काकांचं वाक्य. मी म्हटलं, "हो, त्याच्यासाठीच. तुमचंही काढीन, पाळी आली की." त्यावर ते जेवणाच्या ताटावरून उठून गेले. गेले तर गेले.

बायकांचा वॉर्ड कौलारू, लांबट. सहा खाटा इकडे, सहा तिकडे. पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे तट्टे. दुपारी त्यावर पाणी मारलं की सगळ्या वॉर्डात एक ओला, हिरवट अंधुकपणा पसरायचा. फिनेलचा वास, वाळ्याचा वास... आणि बाराही खाटांवरच्या बायका एकदमच हळू श्वास घ्यायला लागायच्या. त्या वेळी वॉर्डात उभं राहिलं की विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटायचं. घाबरायला नाही व्हायचं. पण आपण जागे आहोत की नाही, हे एकदा स्वतःला विचारावं लागायचं.

पाचव्या खाटेवर गोदाआजी होती. जानेफळची. कडब्याच्या गंजीवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. अशा पेशंटला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि छातीत कफ साचलेला असेल तर उताणं पडल्या पडल्या जीव गुदमरू शकतो. गोदाआजीच्या छातीत कफ होता. तिच्या खाटेच्या पायाशी एक पुठ्ठा टांगलेला असायचा. बारा, दोन, चार, सहा... प्रत्येक वेळेपुढं ज्या मुलीनं कूस बदलली तिची सही.

एरवी आजीची सून शेवंता जवळ असायची. ती त्या दिवशी सकाळच्या गाडीनं जानेफळला गेली होती, पोरांना पाहायला. जाताना मला म्हणाली, "बाई, बुढीले पाहा बरं. तुमच्या भरवशावर जाऊन राह्यली."

"तू जा बिनघोर," मी म्हटलं.

आणि आता माझा गुन्हा सांगते.

देऊळघाटला एका बाईच्या अंगात देवी येत होती. गावोगावचे लोक जमत, ती आजारी पोरांना अंगारा देई, आणि त्या भरवशावर लोक पोरांना दवाखान्यात आणत नसत. आदल्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात एक पोर फार उशिरा आलं होतं. ते वाचलं नाही. माझं डोकं तापलेलं होतं. मंडळाच्या मुलांनी सांगितलं, आज दुपारी मोठी गर्दी जमणार आहे, पत्रकं वाटायला ये. रजा मागितली असती तर पाटणकर सिस्टरांनी दिली नसती. ट्यूटर म्हणून आमच्यावर त्यांचीच नेमणूक होती, आणि ड्यूटी म्हणजे ड्यूटी. म्हणून मी माझ्याबरोबर शिकणाऱ्या कुसुमला म्हटलं, "दोनची आणि चारची कूस तू बदल, मी पाचपर्यंत येते." कुसुम वडनेर भोलजीची, मऊ स्वभावाची. ती हो म्हणाली. आणि दोन व चार या वेळांपुढं माझी सही मी आधीच करून ठेवली. आमच्या बॅचमध्ये बऱ्याच जणी असं करायच्या. मी त्यांना तोंडावर "खोटारड्या" म्हणायची. ती मी!

सव्वा वाजता निघाले. देऊळघाटला पोचले तेव्हा गर्दी जमलेली होती. ती बाई घुमत होती, केस मोकळे, समोर लिंबं. मी पत्रकं वाटायला लागले. एक म्हातारा कागद उलटसुलट करून म्हणाला, "ओ बाई, कागदंच वाटता का गोळ्या बी आनल्या?"

"गोळ्या दवाखान्यात मिळतात, फुकट. या ना!"

"आमच्या पायात येवढा दम असता तं इथं कायले आलो असतो?"

लोक हसले.  तेवढ्यात त्या घुमणाऱ्या बाईनं डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू इथं काऊन आली वं? तुयं काम तिथं पडून हाय."

वाचकहो, यात काही चमत्कार नाही. मी पांढरं लुगडं नेसलेली, खांद्यावर दवाखान्याचा बिल्ला. कुणीही ओळखलं असतं. पण मी चिडले. दहा मिनिटं तावातावानं भाषण केलं. पोरं दगावतात त्याला जबाबदार कोण, वगैरे. कुणी दगड मारला नाही की टाळी वाजवली नाही. तीन वाजता मी गाडीच्या थांब्यावर येऊन कडुनिंबाखाली बसले. गाडी नव्हती. ऊन असं होतं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. मी खोडाला टेकले...

आणि मी वॉर्डात होते.

हे स्वप्न होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वॉर्डात कसलाच आवाज नव्हता. वाळ्याच्या तट्ट्यातून उजेड पाझरत होता, अगदी सावकाश, जणू तोही ओला होता. गोदाआजी उताणी पडलेली, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. मी तिचे हात छातीवर घेतले, पलीकडचा गुडघा वाकवला, एक हात खांद्याला, एक कमरेला. सिस्टरांनी शिकवलं होतं तसंच. पण नंतर "एक, दोन, तीन" म्हणून स्वतःकडे ओढायचं असतं, तसं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "ये माय, इकडे ये." आणि ती आली. वेचलेल्या कापसाची पाटी उचलावी तशी हलकी आली. तिच्या पाठीवर माझा तळवा होता. आतून काहीतरी सुटल्याचं माझ्या तळव्याला कळलं. मग मी तिथंच उभी राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. मला कसलीच घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच मला कसलीच घाई नव्हती.

गाडीच्या भोंग्यानं जाग आली. पावणेपाच झाले होते.

वॉर्डात शिरले तर पाटणकर सिस्टर संध्याकाळच्या पाळीला आलेल्या सगळ्या मुलींना गोळा करून उभ्या!  कुसुम कोपऱ्यात, रडवेली. मला वाटलं, गेली गोदाआजी. माझ्या सहीच्या खाली गेली.

"ही बघा," सिस्टर माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिच्याकडून शिका! साडेतीनला गोदाबाईंना उलटी झाली, घशात अडकली. मी दारातून येईपर्यंत हिनं कुशीवर घेऊन, बोटाला गॉज गुंडाळून घसा मोकळासुद्धा केला होता. एरवी हिचे हात कापतात. आज कापत नव्हते." आणि मला, "हात धुवायला म्हणून गेलीस ती आत्ता येतेस का गं?"

मी गोदाआजीकडे पाहिलं. ती डाव्या कुशीवर होती. पाठीला पावडर लावलेली. उशीची खोळ बदललेली.

 हेही लिहिते, कारण हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. सगळ्या मुलींसमोर कौतुक झालं आणि मी ते घेतलं. मान खाली घालून, लाजल्यासारखं करून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात कुसुमनं मला धरलं. "विमल, माफ कर वं. मले एक वाजल्यापासून बाळंतिणीच्या खोलीत थांबवून घेतलं, दाई सोडेच ना. दोनले बी जमलं नाई, चारले बी नाई. तू कधी आली परत?"

"तू नव्हतीस?"

"नाई ना! तूच तं होती म्हनते सिस्टर."

आता तपास. मी तो केला, जसा करायला लोकांना सांगते तसाच. दाईला विचारलं. कुसुम एक ते पाच तिथंच होती, पाणी प्यायलाही बाहेर आली नाही. शिवाय ती माझ्या खांद्याएवढी, सिस्टरांना आमच्यात गोंधळ होणं शक्य नाही. त्या दुपारी ड्यूटीवर तिसरी मुलगी नव्हती. देऊळघाटला मला निदान पन्नास माणसांनी पाहिलं. गाडीचा कंडक्टर म्हणाला, "बाई, तुम्हाले उठवाले मी तीन डाव भोंगा वाजवला."

उरली गोदाआजी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भरवताना विचारलं, "आजी, काल दुपारी कोण होतं तुमच्याजवळ?"

"घ्या! पोरगी मलेच पुसते. तूच होती ना बाप्पा."

"नीट आठवून सांगा. मीच होते कशावरून?"

तिनं पेज गिळली. माझ्याकडे बघून हसली, तिला दोनच दात. "रोज तुमी पोरी एक-दोन-तीन करता, पोतं उचलल्यावानी. काल तू ‘ये माय, इकडे ये’ म्हनलं. मायी माय गेल्यापासून मले असं कोनी बोलावलं नाई. मंग आली मी."

 ते वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. कुसुमलाही नाही.

त्याच दुपारी मी सिस्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. आधी केलेल्या सह्या, देऊळघाट, झोप. स्वप्न तेवढं सांगितलं नाही. एवढी हिंमत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुझ्याशी बोलले. ‘शाब्बास’ म्हटलं. तू मान हलवलीस."

"मी नव्हते, सिस्टर. मला गैरहजर लावा."

"लावते. मग त्या बाईंना कुणी वाचवलं, तेही रिपोर्टात बदलावं लागेल. नाव सांग."

मी टेबलावरचा चष्मा पाहत राहिले.

"सांग ना. एवढी भाषणं करतेस."

 "नाव मला माहीत नाही. पण मी नव्हते, एवढं खरं आहे," मी म्हटलं.   त्यांनी हजेरीपट ओढून घेतला, लाल शाईनं माझ्या नावापुढं अर्धा दिवस गैरहजर लिहिलं, आणि आधी सह्या केल्याबद्दल तीन महिने ड्यूटी वाढवली. माझ्या बॅचच्या मुलींना सर्टिफिकेटं मिळाली तेव्हा मी भांडी उकळत होते. याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिला काढून टाका म्हटलं असतं.

रिपोर्टात मात्र सिस्टरांनी काही बदललं नाही. "जे मी पाहिलं ते मी खोडणार नाही," म्हणाल्या. "आणि जे तू सांगतेस तेही खोडणार नाही."

गोदाआजी दीड महिन्यानं खाटेसकट बैलगाडीतून जानेफळला गेली. पाठीवर एकही जखम नव्हती.

हे छापायला देऊ नये म्हणून मंडळातल्या मुलांनी माझ्याशी भांडण केलं. म्हणतात, उद्या तीच देऊळघाटची बाई हे लोकांना वाचून दाखवील. दाखवू दे. तिनं अंगाऱ्यावर ठेवलेल्या पोराला मी परवाच उचलून दवाखान्यात आणलं, उद्याही आणीन. देवीनं केलं, असं कुणी म्हटलं तर त्याला मी तोंडावर खोटं म्हणेन. पण "मग कोणी?" असं त्यानं उलट विचारलं, तर माझ्याजवळ उत्तर नाही.

त्या दवाखान्यात एकाच बाईच्या, सिस्टरांच्या, हातचे दोन कागद आहेत: रिपोर्ट आणि हजेरीपट. एकात मी साडेतीन वाजता पाचव्या खाटेपाशी आहे. दुसऱ्यात नाही. मी दोन्ही वाचले आहेत. दोन्ही खरे आहेत.