मामांचा लाल टॅग

आमच्या मोठ्या मामांनी ज्याच्या तोंडात डोकावून पाहिलं नाही, असा माणूस सगळ्या भिलाईत शोधून सापडायचा नाही. नमस्कार झाला, चहाचा कप हातात आला, की मामांचं पुढचं वाक्य ठरलेलं: "आ कर. तीन बोटं जातात का पाहू दे." पाहुण्याने स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये बसवून दाखवायची. बसली तर पास. नाही बसली तर तंबाखूचा खर्रा नाहीतर गुटखा खाऊन याचा जबडा आखडलाय हे ठरलं, आणि मग त्याची सुटका नाही. माझ्या ताईच्या साखरपुड्यात भर मांडवात नवरदेवाची दोनच बोटं गेली. "पत्रिका जुळली बाप्पा, पन तोंड कुठं उघडून राहिलं?" असं म्हणून मामांनी त्याच्यापुढे हात पसरला. बिचाऱ्याने खिशातल्या पाचही पुड्या त्या हातावर ठेवल्या. सासरहून आलेली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे त्या पाच पुड्या, असं ताई अजून म्हणते.

मामा स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. तिथे दुरुस्तीला कुणी मशीनच्या आत उतरणार असला, की आधी स्विचला लाल टॅग बांधतो. टॅगवर छापलेलं असतं, 'आदमी काम पर है, चालू मत करो', आणि खाली बांधणाऱ्याचं नाव. तो टॅग ज्याने बांधला त्यानेच बाहेर आल्यावर सोडायचा; मोठ्यातला मोठा साहेब आला तरी त्याला हात लावता येत नाही. रिटायर झाल्यावर मामांनी तसे टॅग गठ्ठाभर छापून घेतले आणि नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या सवयींना बांधत सुटले. वारंवार तापवलेल्या तेलाच्या कढईला टॅग, पोट सुटलेल्या शेजाऱ्याच्या मोटारसायकलला टॅग. आमच्या बाबांच्या बिडीबंडलालाही एक बांधला. बाबा मेहुण्याचं ऐकणाऱ्यातले नव्हेत. पण सगळी नोकरी चरोद्याच्या रेल्वे यार्डात लाल दिवा दिसला की थांबण्यात गेलेली. हात पुढे जाईना. आठ दिवसांनी बाबा काकुळतीला आले, "सोडा न हो तो टॅग." मामा म्हणाले, "सोडतो न जवाईबापू. तुमचा खोकला जाऊ द्या पहिले." खोकला जायला वर्ष लागलं आणि तोवर बिडीही गेली. आज बाबा आमच्यात आहेत ते त्या लाल पुठ्ठ्यामुळे, असं मी मानतो.

मामी या सगळ्याला हसायची. "लोकायले टॅग बांधून राहिले, अन् सोताचा चष्मा सापडत नाही," म्हणायची. मामा घरात तंबाखूचा कण येऊ देत नसत, याचा तिला अभिमानही होता. रोज सकाळी मोरीजवळ बसून ती बोटाने गुडाखू घासायची. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा इकडच्या बायका दातांना लावतात. नवी नवरी होऊन आली तेव्हा शेजारणींनी शिकवलेलं. डबी ब्रशांच्या शेजारी ठेवलेली असे, म्हणून सगळ्यांच्या लेखी ते मंजन. रविवारच्या बाजारातून मामा स्वतः आणून देत.

गालाच्या आतली जखम मामीने दाढेची म्हणून दोन महिने अंगावर काढली. डॉक्टरांकडे मी सोबत होतो. त्यांनी सवयी विचारल्या तेव्हा मामाच छाती काढून म्हणाले, "आमच्या घरी तंबाखू येतच नाही, साहेब." मामी हळूच म्हणाली, "सकाळचं गुडाखू असते न, तेवढंच." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तो तंबाखूच आहे हे त्यांनी शांतपणे समजावलं, आणि सांगता सांगता सुपारीलाही त्याच रांगेत बसवलं. परत येताना फाटकाशी आल्यावर मामा म्हणाले, "साऱ्या भिलाईचं तोंड पाह्यलं म्या. हिचं कावून नाही पाह्यलं? डबी तं मीच आनत होतो."

गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मामीला बोलता येईना. एका दुपारी जेवण झाल्यावर मामांनी सवयीने अडकित्ता उघडला. जेवणानंतर सुपारी हवीच, हा त्यांचा जन्माचा रिवाज. मामी भिंतीला धरत उठली. टॅगांच्या गठ्ठ्यातून एक काढला, वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं आणि अडकित्त्याला बांधला. "अवो, हे तं पूजेतली सुपारी होय," मामा म्हणाले. तिने नुसती तीन बोटं त्यांच्यासमोर धरली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्याने आ केला आणि आपली बोटं बसवून दाखवली. पास झाले. मामी अर्ध्या चेहऱ्याने हसली. ते हसू आठवलं की मला अजून रडू येतं.

दिवाळीच्या आधी ती गेली.

मामा आताही लोकांची तोंडं तपासतात, पण त्याआधी घरातल्या बायकांना विचारतात, "ताई, सकाळी दात कशानं घासता?" उत्तर येईपर्यंत बसून राहतात, पूर्वीसारखे ओरडत नाहीत. परवा गेलो तेव्हा अडकित्ता खिळ्याला टांगलेला होता, टॅगचा लाल रंग उडून गुलाबी झालेला. मी म्हटलं, "मामा, सोडून टाका न आता तो टॅग. तुम्ही तं सुपारी खातच नाही."

मामांनी चष्मा पुसला. "मले नाही सोडता येत. नाव तिचं हाय त्याच्यावर."

मग अडकित्ता खाली काढून त्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुन्हा खिळ्याला अडकवला.

"अन् सोडला म्हंजे मानूस बाहेर आला असं होते, बेटा. ते कुठं आली?"