तीन खणांतला एक

“वाट सोडा की! अक्का खाली येत्यात!”

एवढं ओरडून काका गादीवरून अर्धवट उठत आणि दोन्ही हात पसरून गिऱ्हाइकांना मागं सारत. सोलापुरात आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्या घोंगडीवाल्या काकांची ही रीत. साल एकोणीसशे तिसाच्या आसपासचं. अक्का म्हणजे माझी आई. काकांच्या घरात कन्नड, त्यामुळं सगळ्या बायका त्यांच्या अक्काच.

तुम्ही तशी घरं पाहिली असतील. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पाठीला मागल्या आळीचं घर चिकटलेलं, उघडं तोंड काय ते रस्त्याकडं. त्या तोंडाला तीन खण आणि तिन्हींत दुकान. आमचा जिना दुकानाच्या आत, काकांच्या गादीमागं. मीठ आणायला जायचं तरी दुकानातून जावं लागे.

काकांच्या हाकेसरशी करमाळ्याकडचे धनगर मुंडासं सावरत अदबीनं उभे राहत. इतका मान आईला सोसत नसे. वडील गेल्यावर तर ती चार-चार दिवस खाली उतरेना. अशात मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायची संधी आली, पण आधी वर्षभर मास्तरणींच्या शिकवणीच्या वर्गाला जायला हवं होतं. नाहीतर वैरागला मामाच्या दारी, मामीच्या हाताखाली. आई रोज पाटी-वही घेऊन चार पायऱ्या उतरायची आणि परत वर यायची.

शेवटी मीच चिडून म्हणाले, “काका, तुम्ही ओरडता म्हणून आई वर्गाला जात नाही!”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी ते ओरडले नाहीत, नुसती खूण केली. झालं! सगळं दुकान चिडीचूप उभं राहिलं. हे तर आणखीच वाईट.

त्याच आठवड्यात सुतार आला. गादीचा खण दुकानातला सगळ्यात उजेडाचा; बाकीच्या दोन्हींची तोंडं घोंगड्यांच्या थप्प्यांनी अडलेली. काकांनी रस्त्यापासून जिन्यापर्यंत फळ्यांची भिंत घालून तोच आम्हाला तोडून दिला. आम्हाला वेगळं दार झालं. काका मधल्या अंधाऱ्या खणात जाऊन बसले.

“दुकान आंधळं केलंत की ओ!” शेजारी हळहळले.

“घोंगडी काळीच असत्यात. उजेडात काय येगळी दिसणार हायत?”

मग फळ्यांआडून हळूच म्हणाले, “अक्का, आता जावा. कोण बगत न्हाय.”

आई गेली. वर्ग झाला, नोकरी लागली, मामाला नकाराचं पत्र तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. माझं सगळं शिक्षण त्या एका खणातून झालं, हे मी कुणालाही सांगते.

काही वर्षांनी काका गेले. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं त्यांना त्याच मधल्या खणात भिंतीला टेकवून बसवलं होतं. दुकानात सगळे पुरुष. आई शाळेतून आली ती आमच्या दाराकडं वळलीच नाही. त्या गर्दीतून ती सरळ आत गेली, काकांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून, वर्गात बोलायची तशा खणखणीत आवाजात, सगळ्यांकडं बघून म्हणाली,

“हे अंधारात बसले, म्हणून माझं घर चाललं.”