साळवे मॅडमचं धरून चालणं

साळवे मॅडमना काहीही सांगा, पहिला शब्द ठरलेला: "कशावरून?" कॅन्टीनवाल्यानं चहा ताजा आहे म्हटलं, तरी कशावरून! नगरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या यंत्राला शिकवायचं कसं, हे शिकवायच्या. राहायला भिंगारला. रंगात आल्या की पुस्तकी भाषा गळून पडायची आणि वर्गात अस्सल नगरी सुरू व्हायची.

मी काष्टी गावची, दोनदा नापास झालेली. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मला कुणी गटात घेईना. मॅडम म्हणाल्या, "चल, माझ्याबरोबर कर." भाताच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्रॅम करायचा होता. तो फसला तर शिक्षण बंद, असं घरी बजावलं होतं.

आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या भातशेतांत जाऊन मी फोटो काढले, आणि काय नीटनेटके! रांगोळीची सवय ना. प्रत्येक डाग फोटोच्या बरोबर मधोमध. परीक्षा तोंडावर आली असताना मॅडमनी कोपऱ्यात डाग असलेला फोटो दाखवला. प्रोग्रॅम म्हणतो, पान निरोगी! झालं, आता शिक्षण बंद, म्हणून मी वही मिटली.

मॅडम मात्र टाळी वाजवून उभ्या राहिल्या. "आगं, सापडलं की! जागेगनिक येगळा डोळा दिलास तू त्याला. मधला डोळा शिकला, कोपऱ्यातला अडानीच ऱ्हायला!" त्यांनी हातातली बांगडी काढली, फोटोवर ठेवली आणि सरकवत नेली. "हितं डाग दिसतो? हितं बी? मंग येगयेगळं डोळं कशाला? ह्या बांगडीवानी पानभर एकच डोळा फिरव. डाग कुठं बी असू दे, डाग त्यो डागच, हे आपन आधीच धरून चालायचं. फोटो थोडं असलं की धरून चालनं लई मोलाचं!"

पुस्तकात याला, म्हणजे उदाहरणं पाहण्याआधीच काही धरून चालण्याला, इंडक्टिव्ह बायस म्हणतात. ते पाठ करून मी दोनदा नापास झाले होते. बांगडीतून ते दिसलं आणि अहो, मी लॅबमध्ये चक्क नाचले! प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वाकडेतिकडे, अर्धवट फोटो दाखवले. पठ्ठ्यानं डाग हुडकून काढले. मी पास झाले.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. परवा मॅडम निवृत्त झाल्या. त्या रिक्षात बसल्यावर मी धीर करून विचारलं, "मॅडम, ही पोरगी शिकेल, असं तुम्हाला तेव्हा कशावरून वाटलं?"

स्वतःच्याच शब्दात सापडल्या! खो खो हसत म्हणाल्या, "कशावरनं बी न्हाई, बाई. धरून चालले हुते."

रिक्षा हलली, तरी मान बाहेर काढून ओरडल्या, "पुरावा तू मागनं दिलास!"