पायाखालचा डबा आणि परतवाड्याची तपासणी

सायलीचा फोन आला तेव्हा मी एका व्याख्यानाचे मुद्दे काढत बसले होते. विषय माझा नेहमीचाच: भीती विकणाऱ्यांचा बाजार. सायली माझ्या मोठ्या बहिणीची, कुंदाताईची मुलगी. एरवी बँकेत कर्जाच्या फायली तपासते आणि सुट्टीत रॅलीत गाडी पळवते. म्हणजे पळवायला बघते.

"मावशी, माझा नॅव्हिगेटर गेला."

"कुठे?"

"यवतमाळला. मुलगी पाहायला. तारीख नेमकी रॅलीचीच निघाली."

रॅलीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसून पुढची वळणं वाचून सांगणारा माणूस लागतो. सायलीच्या मते या कामाला दोनच गोष्टी लागतात, वाचता येणं आणि इंजिनावरून ऐकू जाईल असा आवाज. "तुला कधी माईक लागलाय का?" तिने विचारलं. मी हे कौतुक समजून हो म्हणाले.

मग तिने अट घातली. रॅलीच्या आदल्या दिवशी गाडीची सुरक्षा-तपासणी होते आणि तिथे पास झालेली गाडीच दुसऱ्या दिवशी धावते. सायलीची लाल हॅचबॅक याआधी दोनदा तपासणीच्या मैदानातूनच घरी परतली होती. एकदा ब्रेकचा दिवा लागला नाही, एकदा बॅटरी हलत होती. नातेवाईक लग्नकार्यात भेटले की "काय, या वेळी तरी गाडी सुटली का?" असं विचारतात.

"या वेळी परत आले तर गाडी विकणार," ती म्हणाली. "खरंच विकणार. म्हणून तपासणीत तू एक शब्दही बोलायचा नाहीस. वाद नाही, भाषण नाही, 'नियमाचा हेतू काय' असलं काही नाही."

मी कबूल केलं. जन्मभर मी लोकांना सांगत आले, की अधिकाऱ्याला प्रश्न विचारा. आता भाचीसाठी एक दुपार गप्प बसायचं होतं.

गाडीची तयारी नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या अंगाला बंडूच्या गॅरेजमध्ये चालली होती. बंडूचा मूळ धंदा टेम्पोंचा, पण रॅलीच्या गाडीमुळे गल्लीत वजन वाढतं, म्हणून सायलीची गाडी तो हौसेने करतो. तुमच्यापैकी कुणाला हा नाद लागायचा असेल तर सांगते, वेगाचं काम शेवटी येतं. आधी मागचं सीट निघतं, एसी निघतो, आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसतो, गाडी उलटली तरी आतला माणूस चेपू नये म्हणून. मग डोक्याजवळच्या नळ्यांना फोम, खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे रुंद पट्टे, हेल्मेट, घट्ट बांधलेली बॅटरी. आणि हाताशी येईल असा आग विझवायचा सिलिंडर.

सिलिंडरचं काम मी मागून घेतलं. सभागृहांत आग विझवायची सोय आहे का, हे विचारून आयोजकांना घाम फोडणारी मी बाई. इतवारीत हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत चांगला, दाबाचा काटा असलेला सिलिंडर आणला. तो बसवायचा कसा, यावर बंडूची आणि माझी जुंपली.

"मॅडम, वेल्क्रो लावू. ओढला का हातात," बंडू म्हणाला.

"वेल्क्रो धुळीने सुटतो. प्लॅस्टिकचे जाड टाय लाव."

"टाय कापाले वेळ जाते न जी."

यावर मी चहा थंड होईपर्यंत बोलले. घर्षण आणि ताण झाला, संकटात माणसाचं मन कसं चालतं तेही झालं. शेवटी बंडू म्हणाला, "लावतो टाय, पण आता चहा प्या." मी जिंकले. आमचं दोघांचंही चुकत होतं, ही बारीक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

तेवढ्यात कुंदाताई धरमपेठेतून रिक्षाने आली. हातात पिशवी, पिशवीत नारळ, हळदकुंकू, लिंबू आणि हिरव्या मिरच्या.

"हे आत लटकवायचं नाही," मी म्हणाले.

"काहून वं? तुह्या बापाची गाडी आहे का?"

"बाप एकच आहे आपला. आणि मी वीस वर्षं यावर बोलतेय, ताई. लिंबाने अपघात टळत असते तर संत्र्यांच्या ट्रकांचे झालेच नसते."

सायलीने मध्ये पडून सांगितलं, की लटकणारी वस्तू तपासणीत चालतच नाही. नारळ फुटला, त्याची चटणी झाली, तिथपर्यंत माझी हरकत नव्हती. लिंबू-मिरची पिशवीत परत गेली. कुंदाताई काहीच बोलली नाही. तिच्याबरोबर वाढलेल्या माणसाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतवाड्याला निघालो, तपासणी तिथे होती. आधी तर्री पोहे खाल्ले, म्हणजे वर हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेले. पाहुण्यांना सांगून ठेवते, तर्री वेगळी मागू नका, दुकानदार तुमच्याकडे दयेने बघतो. मग गाडीत चढले. पिंजऱ्याची आडवी नळी ओलांडायला आधी पाय, मग डोकं आणि शेवटी उरलेली मी, असा क्रम लागतो. आत बसल्यावर पायाशी काळ्या मॅटखाली एक गोल, मऊ उंचवटा लागला. त्यावर पाय टेकले की पाठ सीटला छान चिकटत होती.

"बंडूने माझ्यासाठी पाय ठेवायला केलंय वाटतं," मी म्हणाले. "विचारी माणूस आहे."

सायलीने खांदे उडवले. तिलाही माहीत नव्हतं.

शहराबाहेर वाडीची ट्रकांची गर्दी संपली की अमरावती रस्ता मोकळा होतो. चौपदरी, गुळगुळीत आणि झोप आणणारा. आमच्या गाडीत झोप शक्य नव्हती. मागचं सीट नाही, गालिचा नाही, प्रत्येक खडा पत्र्यावर वाजतो. टोलवर फास्टॅग वाचला जाईना. यंत्र घेऊन आलेला पोरगा खिडकीतून आत वाकला. मी पट्ट्यांत खांद्यापासून मांडीपर्यंत जखडलेली, हातही पुढे जात नव्हता.

"मॅडमले बांधून कुठी नेऊन राहिले?" त्याने सायलीला विचारलं.

"भाषणाले," सायली म्हणाली.

कोंढाळीच्या पुढे मी सराव सुरू केला. रस्त्याच्या पाट्या आणि वळणं वाचून दाखवायची. माझी पद्धत अशी, की आधी श्रोत्यांना विषयाची पार्श्वभूमी द्यावी, मग मुद्द्यावर यावं.

"आता आपण ज्या वळणाकडे येतोय, ते वरवर सौम्य वाटलं तरी..."

"मावशी, वळण मागे गेलं. तू अजून प्रस्तावनेतच आहेस."

तळेगावजवळ संत्र्यांचे ढीग मांडलेले होते. हिवाळ्यात जाणार असाल तर इथेच घ्या, पण सालीला हिरवट झाक असलेली, थोडी सैल सालीची; पिवळीधमक दिसायला असतात, खायला नाहीत. अमरावतीत गिला वडा खाल्ला. ताकात बुडालेला, वर लसणाची झणझणीत फोडणी. तोवर मी "डावं. लहान. लगेच उजवं." एवढ्यावर आले होते. इतक्या कमी शब्दांत माझं आयुष्यात कधी भागलं नव्हतं. पायाखालचा उंचवटा मात्र फार सुखाचा. बंडूला येताना बर्फी न्यायची, हे मी मनात ठरवून टाकलं.

परतवाडा दुपारी आलं. बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये दोघींची खोली बाराशेला मिळाली, गिझर सकाळी आठपर्यंतच. सामान टाकून मैदानावर गेलो. दहा-पंधरा गाड्या रांगेत उभ्या, सगळ्यांची बोनेटं वर. तपासणीला वानखडे साहेब होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दाढीचा आरसा, खालचं बघायला.

त्यांनी हेल्मेटं पाहिली. पट्टे ओढून पाहिले. बॅटरी हलवली, ती हलली नाही. "ब्रेक दाबा." दिवा लागला. सायलीने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग त्यांनी सीटमागे हात घातला आणि माझा सिलिंडर धरून एक हिसका दिला. सिलिंडर टायसकट अर्धा फिरला आणि नळीवर आपटला.

"हे कोणं बांधलं जी?"

सायली माझ्याकडे बघत होती. मी बोट वर केलं. बोलायचं नव्हतं ना.

"गाडी पलटी झाली तर हे पयले तुमच्या डोक्यात येईन," साहेब शांतपणे म्हणाले. "लोखंडी पट्ट्या पाह्यजे, बोल्टवाल्या. पाचपर्यंत करून आणा. नाही तर गाडी घरी."

माझ्या तोंडात घर्षण आणि ताण दोन्ही आले होते. मी ते गिळले.

साहेब थांबले नव्हते. त्यांनी माझ्या बाजूचं काळं मॅट उचललं. खाली फोम. फोम सोलला, तर स्टीलचा गोल डबा, उभट, घरात डाळी ठेवतो तसला, आडवा निजवलेला. त्यावर दोन रुंद लोखंडी पट्ट्या, दोन्ही टोकांना बोल्ट, बोल्ट थेट गाडीच्या तळात. साहेबांनी हिसका दिला. डबा हलला नाही. टॉर्चच्या मुठीने ठोकलं. आवाजसुद्धा आला नाही.

"हे कोणं बसवलं?"

मी खरंच गप्प होते. साहेबांनी पट्ट्यांच्या बाहेर आलेलं झाकण फिरवलं. आत कापूस ठासून भरलेला आणि कापसात लिंबू, सात मिरच्या, कुंकवाची पुडी.

शेजारच्या गाडीचे लोक जमले. साहेबांनी एकदा लिंबाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सुटं सामान मना आहे," ते म्हणाले. "हे सुटं नाही. लिंबू पास आहे. सिलिंडर नापास."

हसणाऱ्यांत सायली नव्हती. ती गाडीच्या पलीकडे जाऊन टायरपाशी बसली होती. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

बाजारात फेरी मारली. नळाच्या पट्ट्या मिळाल्या, त्या बारीक. वेल्डिंगवाला म्हणाला, उद्या. मी बंडूला फोन लावला.

"मोठ्या मॅडमनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "लहान मॅडमच्या कानावर खुट्ट झालं तर रस्त्यातच फेकून देईन, म्हणून ट्रकच्या सायलेन्सरच्या पट्ट्या मारल्या. एक बोल्ट हालणार नाही, पाहून घ्या."

म्हणजे माझ्या धाकाने ते लिंबू इतकं घट्ट बसलं होतं. ज्या सिलिंडरला मी विचाराने आणि प्रेमाने जागा दिली, तो लोंबकळत होता.

मैदानावर परत आलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. सायली किल्ली हातात घेऊन नुसती उभी होती. मी डब्याकडे पाहिलं, मग सिलिंडरकडे. जाडी जवळपास सारखी.

"पाना आण," मी म्हणाले. मैदानावरचा हा माझा पहिला शब्द.

बोल्ट सोडले, डबा काढला, सिलिंडर आडवा ठेवला. तो डब्यापेक्षा किंचित बारीक होता; बोल्ट आणखी तीन-चार आटे बसले. शेजारच्या गाडीवाल्याने लांब पाना दिला आणि वर विचारलं, "मावशी, आमच्यासाठी पण एक लिंबू आहे का?"

वानखडे साहेब आले. हिसका दिला, ठोकलं, पाय देऊन पाहिलं. मग खिशातून गोल स्टिकर काढून काचेवर चिकटवलं आणि अंगठ्याने नीट घासलं. सायलीने स्टिकरच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

"आता बोला मॅडम," साहेब मला म्हणाले. "अमरावतीले तुमचं भाषण ऐकलं होतं मी. प्रश्न विचाराले उठलो, तर तुम्ही म्हणाल्या, शेवटी घेऊ. शेवट आलाच नाही."

"काय होता प्रश्न?"

"तेव्हाच बसची वेळ झाली. आता विसरलो."

राहिला प्रश्न डब्यातल्या मालाचा. गाडीत सुटं काही ठेवायचं नाही आणि खोलीत मिरच्या घेऊन झोपणं मला पटेना. मैदानाबाहेर भजीची गाडी होती. मिरच्या तळून घेतल्या. लिंबू गरम भज्यांबरोबरच्या कांद्यावर पिळलं. सायलीने पहिल्यांदा पोटभर हसत खाल्लं. तेवढ्यात कुंदाताईचा फोन.

"सगळं सोबत आहे ना वं?"

"अगदी पोटाशी धरलंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याच्या घाटात आम्ही धावलो. धुकं, कड्याकडेची वळणं, पट्ट्यांत गच्च आवळलेली मी आणि माझे दोन-दोन शब्द. नंबर आला नाही, पण आमच्या मागे चार गाड्या होत्या आणि सायलीने त्या परतीच्या रस्त्यात सतरा वेळा मोजल्या. गाडी विकायची गोष्ट ती बोलली नाही. मीही आठवण करून दिली नाही.

नागपुरात कुंदाताईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढे केला. मी डबा दिला. तिने उघडून हुंगला.

"लिंबू कुठी गेलं?"

"कामी आलं, आई," सायली म्हणाली.

"मले माहीतच होतं."

मी खुलासा करायला गेले. पास झाल्या त्या पट्ट्या, लिंबू नव्हे. पट्ट्या मजबूत होत्या त्या माझ्या भीतीने. पण जसजशी बोलत गेले तसतशी कुंदाताई समाधानाने मान हलवत गेली. गेल्या आठवड्यात माझं ते व्याख्यान झालं. माझं मत तसूभर बदललेलं नाही, ते मी दीड तास सांगितलं. मात्र प्रश्न या वेळी आधी घेतले.

गाडी आता पुढच्या तयारीला बंडूकडे आहे. प्रथमोपचाराची पेटीही घट्ट बांधलेली लागते, म्हणून बंडूने माझ्या पायाशी, सिलिंडरच्या शेजारी, तोच स्टीलचा डबा दोन नव्या पट्ट्यांनी बसवलाय. बँडेजं भरायचं काम कुंदाताईने मागून घेतलं. परवा मी जाऊन डब्याला हिसका दिला, किल्लीने ठोकून पाहिलं. हलला नाही, वाजला नाही. उघडून मात्र पाहिला नाही.